लिनक्स कर्नलमधील यादृच्छिक संख्यानिर्मिती

लिनक्स कर्नलमधील यादृच्छिक संख्यानिर्मिती : कोणालाही आधी ओळखता येणार नाहीत अशा बिटांचा लिनक्स प्रणालीतील सर्व प्रोग्रॅमना पुरवठा करणारी, कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) आत असलेली यंत्रणा. कूटलेखनाच्या किल्ल्या, सुरक्षित जोडणीच्या वेळी ठरणारे तात्पुरते आकडे, प्रोग्रॅमची मेमरीतील जागा बदलती ठेवण्यासाठी लागणारे अंक हे सारे तिच्यावर अवलंबून असते. खेळासाठी किंवा सांख्यिकीच्या प्रयोगासाठी आकडे नुसते विस्कळीत दिसले तरी भागते. येथे अट कडक आहे : आधीचे कितीही आकडे हाती लागले, तरी पुढचा ओळखता येता कामा नये.

उगम : यंत्रणेचा कर्ता थिओडोर त्सो, याबद्दल दुमत नाही. साल मात्र कोठे १९९४, तर कोठे १९९५ दिलेले आढळते. ‘रँडम.सी’ या मूळ फाइलच्या शिरोभागातील स्वामित्वहक्काची नोंद १९९४ पासून सुरू होते; कर्नलमध्ये ती १.३.३० या विकासावस्थेतील आवृत्तीपासून, म्हणजे १९९५ पासून दिसते. तेव्हा लेखन १९९४ च्या सुमारास व वापर १९९५ पासून, असे मानणे अधिक सयुक्तिक. कल्पना मात्र सर्वस्वी नवी नव्हती. पीजीपी या कूटलेखन प्रोग्रॅममधील संख्याजनक आणि फिल कार्न यांच्याशी झालेली खाजगी चर्चा यांचे ऋण त्सो यांनी त्याच शिरोभागात मान्य केले आहे; बिट घुसळण्याची जलद रीत कॉलिन प्लंब यांची, पीजीपीफोन या प्रोग्रॅममधून घेतलेली. त्सो यांचे श्रेय आहे ते हे काम कर्नलमध्ये नेण्याचे. कळ नेमकी कधी दाबली गेली, डिस्कने उत्तर नेमके केव्हा दिले, या सूक्ष्म वेळा सर्वांत आधी कर्नललाच कळतात. कूटलेखनाच्या निर्यातीवर त्या काळी अमेरिकेत निर्बंध होते; म्हणून आतल्या गणनेसाठी सांकेतिकीकरणाची रीत न वापरता हॅश फलन, म्हणजे माहितीचा ठराविक लांबीचा, उलट न फिरवता येणारा सारांश काढणारी रीत (आधी एमडी५, पुढे शा-१), निवडले गेले.

कार्य : जुन्या रचनेत ४,०९६ बिटांचा एक मुख्य साठा होता. प्रत्येक घटनेची वेळ त्यात मिसळली जाई आणि तिच्यातून किती एंट्रॉपी (अनिश्चिततेचे बिटांतील माप) मिळाली, याचा अंदाज बांधला जाई. त्यासाठी लागोपाठच्या वेळांमधील फरक, त्या फरकांमधील फरक आणि त्यांच्याही मधला फरक काढून तिन्हींतील सर्वांत लहान घेतला जाई. कळ अगदी ठेक्यात दाबली गेली, तर दुसरा फरक शून्याजवळ येतो व त्या घटनेची एंट्रॉपीही जवळजवळ धरली जात नाही. युक्ती कौतुकास्पद आहे, पण तिला भक्कम सैद्धांतिक आधार नाही. गटरमन, पिंकस व राइनमन यांनी २००६ मध्ये या रचनेची बारकाईने चिकित्सा केली. दोदिस व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हा अंदाज चकवता येतो व एंट्रॉपीचे मिश्रणही निर्दोष नाही, असे दाखवले.

४.८ या आवृत्तीपासून (२०१६) शा-१ ऐवजी चाचा२० हे प्रवाही कूट (छोट्या किल्लीपासून अंकांचा लांब प्रवाह काढणारी रीत) अंक पुरवू लागले. २०२२ मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांनी बहुतेक यंत्रणा नव्याने लिहिली : साठ्याच्या जागी ब्लेक२एस हे हॅश फलन आले आणि प्रत्येक मागणीनंतर जुनी किल्ली पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाऊ लागली, त्यामुळे संगणक उद्या कोणाच्या हाती पडला तरी काल दिलेले अंक परत काढता येत नाहीत.

थांबण्याचा वाद : प्रोग्रॅमना हे बिट ‘/डेव्ह/रँडम’ व ‘/डेव्ह/यूरँडम’ अशा दोन फाइलींतून मिळत. पहिली, अंदाजित एंट्रॉपी संपली की वाचणाऱ्याला थांबवून धरी. दुसरी कधीच थांबवत नसे. जीपीजी या कूटलेखन प्रोग्रॅमने किल्ली तयार करताना पडद्यावर आणखी अमुक बाइट हवेत असा मजकूर येई आणि माणूस माउस फिरवत, वाटेल त्या कळा दाबत बसे. यामागे एंट्रॉपी विहिरीतल्या पाण्यासारखी उपसली जाते, अशी समजूत होती. ती चूक होती, असेच म्हणावे लागते. २५६ बिट खरोखर अज्ञात असतील, तर त्यांपासून चाचा२० ने काढलेले अंक व्यवहारात संपत नाहीत. ५.६ या आवृत्तीत (२०२०) पहिल्या फाइलीचे हे थांबणे अँडी लुटोमिर्स्की यांच्या बदलांनी काढून टाकले.

आरंभीची पोकळी : खरा धोका संगणक सुरू होतानाच्या क्षणांत असतो. नव्या राउटरला कीबोर्ड नाही, फिरती डिस्क नाही. पहिल्यांदा वीज मिळताच तो किल्ली बनवतो, तेव्हा साठा जवळजवळ रिकामा असतो. २०१२ मध्ये हेनिंजर व सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या गोळा करून टीएलएस (इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीची पद्धत) वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली कूटलेखन पद्धत) खाजगी किल्ल्या काढून दाखवल्या. रीत शाळेतल्या मसाविची. दोन राउटरनी पहिली मूळ संख्या सारखीच निवडली व मधल्या काळात घड्याळ पुढे सरकल्याने दुसरी वेगळी आली, की दोन्ही गुणाकारांचा मसावि ती सामाईक संख्या उघडी करतो. त्याच वर्षी लेन्स्ट्रा व सहकाऱ्यांनाही असेच सामाईक अवयव आढळले. त्यांनी दोष मुख्यतः आरएसएला दोन गुप्त संख्या लागतात यावर ठेवला. हेनिंजर गटाचे यंत्रांच्या आरंभावर बोट ठेवणारे स्पष्टीकरण पुराव्याशी अधिक जुळते.

यावर उपाय म्हणून ३.१७ आवृत्तीत (२०१४) ‘गेटरँडम’ ही हाक (प्रोग्रॅमने कर्नलकडे थेट मागणी करण्याची सोय) आली : साठा एकदा नीट भरेपर्यंत ती थांबवते, नंतर कधीच नाही. २०१९ मध्ये ईएक्सटी४ फाइलप्रणाली सुधारल्याने डिस्कच्या खेपा कमी झाल्या, पुरेशा घटना मिळेनात आणि काही संगणक सुरू होतानाच अडकून पडले. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ५.४ मध्ये प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेतील चढउतारांतून एंट्रॉपी काढण्याची सोय केली. दोन्ही फाइली एकरूप करण्याचा ५.१८ च्या वेळचा प्रयत्न मात्र काही जुन्या यंत्ररचनांवर अडल्याने मागे घ्यावा लागला.

प्रोसेसरमधील स्रोत : यादृच्छिक अंक थेट प्रोसेसरकडून देणारी इंटेलची ‘आरडीरँड’ ही सूचना २०१२ पासून मिळते. अमेरिकी गुप्तचर संस्थेची पाळत उघड करणाऱ्या स्नोडेन प्रकरणानंतर २०१३ मध्ये तिच्याविषयी संशय वाढला; फ्रीबीएसडी या युनिक्ससदृश प्रणालीने तिचे अंक थेट वापरणे सोडले, तर लिनक्सने इतर स्रोतांबरोबर मिसळून ती चालू ठेवली. मिश्रणात एक स्रोत निकामी निघाला तरी बाकीचे तारतात, म्हणून हीच रीत अधिक सुरक्षित. २०१९ मध्ये एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरांवर ही सूचना दर वेळी सर्व बिट १ असलेला तोच अंक देत असल्याचे आढळले.

इतर प्रणाली : फ्रीबीएसडीत आधी यॅरो व आता फॉर्च्युना ही पद्धत आहे. ओपनबीएसडी या प्रणालीतील ‘एआरसी४रँडम’ हा संख्याजनक नाव जुनेच ठेवून चाचा२० वर चालते.