सायलेन्सर बदलायच्या आधी वाचा, बदलल्यावर परत एकदा वाचा

आमच्याकडं रॉयल एनफिल्डची बुलेट नाहीतर क्लासिक घेऊन जो येतो त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, फायरिंग जरा भारी पाहिजे." फायरिंग म्हणजे सायलेन्सरचा आवाज. तो बदलतो हो, त्यात काय अवघड नाही, पण फायरिंग बदललं म्हणजे गाडी पळायला लागली असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय. क्लासिक ३५० ची ताकद २० बीएचपीच्या आसपास, नुसता मागचा डबा बदलून त्यात कळण्याइतका फरक पडत नाही. आवाज वाढला की कानाला वाटतं पिकअप वाढला, आणि १० डेसिबल वाढले की तोच आवाज साधारण दुप्पट वाटतो, मग काय, गाडी उडतीय असंच वाटणार! उलट लय मोठ्या तोंडाचा पाइप घातला तर खालच्या आरपीएमला गाडी मऊ पडते, घाटात डबलसीट असताना एक गिअर जास्त पाडावा लागतो. खरा फायदा वजनात असतो. कंपनीचा सायलेन्सर काढल्यावर एका हातात तो आणि दुसऱ्या हातात नवा धरून बघा, आम्ही प्रत्येकाला हे करायला लावतो.

आता कायद्याचं, कारण फोनवर निम्मे लोक हेच विचारतात. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यापुढं ८०, ही नवीन गाडीची मर्यादा, आणि ती मोजतात चालत्या गाडीच्या बाजूला साडेसात मीटरवरून. म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी मोबाईल धरून अ‍ॅपवर आकडा बघितला आणि "१०० दाखवतंय" म्हणून घाबरला, नाहीतर "८२ च आहे" म्हणून खूश झाला, दोन्हीला अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, वर लायसन ३ महिने जाऊ शकतं. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तो व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. पाइपावर ई मार्क असला तरी ती युरोपातली मंजुरी आहे, चौकात त्याचा उपयोग नाही. म्हणून आमच्याकडं आतली जाळी, म्हणजे डीबी किलर, काढून मिळत नाही. काढून मागू पण नका, दुसरीकडं जा, चहा मात्र पिऊन जा.

बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाच्या, गाडीवाल्यांनी एक जास्तीचं ध्यानात ठेवा. एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांना कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी) आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅटकॉन काही गाड्यांत बेंड पाइपात, म्हणजे इंजिनापासून डब्यापर्यंतच्या वाकड्या पाइपात, असतो, काहींत डब्यात, त्यामुळं काय काढतोय ते आधी बघायचं. तो उडवला की पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढून येतो आणि मग सगळे आमच्या नावानं बोंब मारतात. सेन्सरची वायर पीळ पडून तुटते, म्हणून आधी कपलर (वायरचा जोड) काढायचा आणि मगच सेन्सर फिरवायचा. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बुलेटला नवा पाइप मोकळा असेल तर कार्बमधला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघावा लागतो, नाहीतर गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, गरम होते, बेंड निळा पडतो. थोडा निळा-सोनेरी रंग स्टीलला येणारच, तो बिघाड नाही.

घरी बसवणार असाल तर इंजिन पूर्ण गार पाहिजे. आदल्या रात्री इंजिनच्या हेडला बेंड जोडणाऱ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. नट सोडवताना एकदम जोर नाही, पाव फेरा सोडवायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडवायचा. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, हेडमध्ये तुटला की हजार रुपये वाचवायला गेलेला माणूस हेड उतरवायच्या खर्चात जातो. मग सगळे नट-बोल्ट आधी नुसते बोटानं लावा, पाइप आपल्या जागी बसू द्या, हेडकडचे नट आलटून पालटून आवळा, आणि मागचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. ब्रॅकेटचं भोक जुळत नाही म्हणून बोल्टनं पाइप ओढून बसवला तर सिंगल सिलिंडरच्या ठोक्यांनी तो वेल्डिंगपाशी चिरतो, आज ना उद्या. स्टार्ट करायच्या आधी थिनरच्या फडक्यानं पाइप पुसा, बोटांचे तेलकट ठसे एकदा भाजले की तपकिरी डाग कायमचे. पहिली पाच मिनिटं थोडा धूर येईल, घाबरू नका. गार झाल्यावर परत एकदा आवळा.

आणि हेड आणि बेंडच्या मधलं पॅकिंग, म्हणजे रिंग, नवीन घाला! हे आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलोय. शनिवारची गर्दी, तांब्याची रिंग संपलेली, एकाची जुनीच रिंग परत घातली, "चालतंय की" म्हणून. तो आंबोलीला जाऊन आला आणि सांगतोय, उतारावर अ‍ॅक्सिलेटर सोडला की फटाके फुटतायत, मागं बसलेली बायको दोनदा दचकली. आम्ही कार्ब उघडला, जेट बदलला, प्लग बदलला, दोन दिवस गेले, आणि शेवटी पोरगं गाडी पुसत होतं त्याला हेड आणि बेंडच्या मधोमध काजळीची बारीक काळी रेघ दिसली. तिथनं बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटत होतं. साठ रुपयांची रिंग. त्याला पैसे परत दिले, वर सर्व्हिसिंग फुकट. त्यामुळं फटाके वाढले तर आधी जॉइंटवर काळं दिसतंय का बघा, मग आम्हाला फोन.

सकाळी सायलेन्सरमधनं पाणी टपकतंय म्हणून बरेच जण येतात. ते साधं पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, गरम पाइपातनं वाफ होऊन जातं, गार असला की थेंब. रोज फक्त दूध आणायला दीड किलोमीटर जाणाऱ्याचा सायलेन्सर म्हणूनच आतनं सडतो. आठवड्यात एकदा अर्धा तास तरी फिरवा, सायलेन्सरच्या खालचं पाणी निघायचं बारीक भोक चिखलानं बुजू देऊ नका. बेंडला उष्णता अडवायची कापडी पट्टी गुंडाळायची हौस असेल तर कोकणात राहणाऱ्यांनी विसरा, पट्टी ओल धरते आणि आतला पाइप खाल्ला जातो.

पावसात रेनकोट बेंडला चिकटला तर गरम असताना ओढू नका. गार होऊ द्या, लाकडी पट्टीनं खरवडा, राहिलेलं नेलपॉलिश रिमूव्हरनं जातं, फक्त रंगावर सांडू नका. लहान पोरं आणि साडीवाल्या बायका उजवीकडनं उतरतात तेव्हा पोटरी भाजते, नव्या पाइपला हीट शील्ड (चटका लागू नये म्हणून वरनं असलेला पत्रा) नसेल तर मागून घ्या. भाजलंच तर २० मिनिटं वाहतं गार पाणी, टूथपेस्ट आणि हळद नको.

कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात घालू नका, गाडी विकताना लागतोच. दोन्ही तोंडांना फडकी कोंबून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. एकानं उघडाच ठेवलेला, परत बसवायला आणला आणि गाडी काही केल्या स्टार्ट होईना. आतनं मूठभर मातीचं घर निघालं, कुंभारमाशीचं.