इकॉनॉमिक्सच्या पीएचडीच्या दोन ऑफर आल्यात, घ्यायची कुठली?

फेब्रुवारी-मार्च आला की ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या सल्ल्याच्या ऑफिसात हाच प्रश्न घेऊन पोरं येतात, सोबत आई-बाबा, आणि बाबांच्या मोबाईलवर कुठलंतरी रँकिंग उघडलेलं. रँकिंग बघा, नाही कोण म्हणतंय, पण प्रोफेसर व्हायचंय ना? मग आधी डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर प्लेसमेंटचं पान उघडा, म्हणजे तिथून पीएचडी झालेले कुठे नोकरीला लागले ती यादी.

आणि ते पान घोडबंदरच्या सॅम्पल फ्लॅटसारखं बघा, म्हणजे खूश व्हा पण लगेच टोकन देऊ नका. वरची दोन भारी नावं सोडा, गेल्या पाच-सहा वर्षांची अख्खी यादी काढा आणि किती जण असिस्टंट प्रोफेसर झाले, किती पोस्टडॉकला (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), किती वर्ल्ड बँक-आयएमएफमधे, किती कन्सल्टिंग नि टेक कंपनीत, हे वहीत मांडा. मग विचारा की दरवर्षी आत किती जणांना घेता. समजा वीस घेतात आणि एका वर्षाच्या यादीत आठच दिसतात, तर बाकीचे बारा गेले कुठे? काही जण पहिल्या वर्षाच्या मायक्रो, मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्सनंतरच्या परीक्षेत अडकून मास्टर्स घेऊन बाहेर पडतात, काही कंटाळून सोडतात, पण त्यांची नावं त्या पानावर येत नाहीत.

दुसरी गोष्ट गाईडची. शेवटच्या वर्षी तुम्ही जॉब मार्केटला उतरता तेव्हा हातात एक जॉब मार्केट पेपर (नोकरीसाठी दाखवायचा तुमचा मुख्य रिसर्च पेपर) आणि साधारण तीन प्रोफेसरांची शिफारसपत्रं असतात, आणि ह्या पत्रांना खूप वजन असतं. म्हणून एका मोठ्या नावाच्या भरवशावर जाऊ नका, ते सर उद्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेले की तुम्ही अधांतरी. तुमच्या विषयात तीन-चार जण तरी काम करणारे हवेत, आणि शेजारच्या विषयातही, कारण डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स करायचं म्हणून गेलेली पोरं दुसऱ्या वर्षी लेबर इकॉनॉमिक्समधे रमलेली आम्ही बघितलीयेत.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या स्टुडंटशी बोला. आपली सकाळ म्हणजे अमेरिकेत आदल्या दिवशीची संध्याकाळ, तेव्हा लवकर उठून कॉल लावा आणि सरळ विचारा: ड्राफ्ट दिल्यावर सर किती दिवसांनी वाचतात, उन्हाळ्यात स्टायपेंड मिळतो का, भाडं देऊन हातात काय उरतं.

पैशांचं थोडक्यात. स्वतःच्या खिशातून फी भरून इकॉनॉमिक्सची पीएचडी करू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या चांगल्या प्रोग्रामात फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो, फक्त किती वर्षांची हमी आहे ते लेटरमधे लेखी बघा, कारण पाच म्हणता म्हणता सहा वर्षं सहज लागतात. नेदरलँड्स, स्वीडनमधे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरीच, पण आधीच्या मास्टर्सचा खर्च कोण करणार ते विचारा.

इथेच राहायचं असेल तर गोरेगावची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), रिझर्व्ह बँकेने काढलेली, आपल्याला सगळ्यात जवळ. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटही (आयएसआय) बघा. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात. बाहेर शिकून परत यायचा विचार असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघायच्या जागतिक रँकिंगमधे पहिल्या ५०० मधल्या परदेशी युनिव्हर्सिटीची पीएचडी असिस्टंट प्रोफेसरसाठी चालते, रँकिंगचा खरा उपयोग इथे होतो बघा. नुसतं कॉलेजात शिकवायचंय तर पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट परीक्षा पुरते. मात्र कायम जागा निघेपर्यंत सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, तासिका घ्यायची तयारी ठेवा, हे आई-बाबांनाही आत्ताच सांगून टाका.

घाई करू नका. फंडिंगसकट आलेल्या ऑफरला अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटीत १५ एप्रिलपर्यंत उत्तर देता येतं, त्याआधी कोणी दबाव टाकला तर आम्हाला ईमेल दाखवा. आम्ही कुठल्याही युनिव्हर्सिटीकडून कमिशन घेत नाही. येताना दोन्ही ऑफर लेटर आणि ती वही घेऊन या.