मोनोलिथ आणि मायक्रोसर्व्हिसेस

वाढत्या वापराचा भार पेलणारे सॉफ्टवेअर उभारण्याच्या दोन रचनापद्धती. पहिलीत सगळे काम एकाच प्रोग्रॅममध्ये, बहुधा एकाच डेटाबेसवर चालते; दुसरीत ते स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या छोट्या सेवांत विभागलेले असते.

‘मायक्रोसर्व्हिस’ या संज्ञेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. पीटर रॉजर्स यांनी २००५ मध्ये ‘मायक्रो-वेब-सर्व्हिसेस’ असा शब्दप्रयोग केला होता, म्हणून काही जण आरंभ तेथून धरतात. जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधील लेखानुसार मे २०११ मध्ये व्हेनिसजवळच्या कार्यशाळेत या पद्धतीची चर्चा झाली आणि मे २०१२ मध्ये त्याच गटाने हे नाव मुक्रर केले. नेटफ्लिक्समधील एड्रियन कॉकक्रॉफ्ट या पद्धतीलाच ‘बारीक विणीची एसओए’ म्हणत. एसओए म्हणजे सेवाधिष्ठित रचना, ही संज्ञा सामान्यतः १९९६ च्या सुमाराची मानतात. आजच्या अर्थाने २०११-१२ हाच काळ ग्राह्य धरणे सयुक्तिक दिसते. अर्थात, प्रोग्रॅम कुठे तोडावा हा मूळ प्रश्न डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच हाताळला होता: जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकाच मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र भागाच्या, पोटात ठेवावा.

उदाहरणादाखल सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद सौद्यांचे सॉफ्टवेअर घेता येईल. सौद्यात फुटलेला दर, काट्यावरचे वजन आणि हमाली-तोलाई वजा जाता निघणारी शेतकऱ्याची पट्टी या नोंदी मोनोलिथमध्ये एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर सगळ्या नाहीतर एकही नाही अशा व्यवहारात, बसतात. वजनाची नोंद फसली तर पट्टीही निघत नाही. वजन व पट्टी या वेगळ्या सेवा केल्या, की पट्टी हातात पडल्यावर वजन रद्द झाल्याचे कळू शकते आणि उलट नोंद करून ती मागे घ्यावी लागते. या ‘सागा’ पद्धतीची मांडणी गार्सिया-मोलिना व सेलम यांनी १९८७ मध्ये केली. उलटपक्षी, ऐन हंगामात दर पाहणाऱ्यांची झुंबड उडाली, तर फक्त दराची सेवा वाढवून भागते.

सेवा अनेक पण डेटाबेस एकच, हा प्रकार फसवा. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीतले खड्डे, याच नमुन्याची: प्रत्येकाचे तोंड वेगळे, माल वेगळा, पण जमीन एकच. २००५ च्या महापुरात जमिनीतच पाणी शिरले तेव्हा ते वेगळेपण उपयोगी पडले नाही.

ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडून नेटफ्लिक्सची डीव्हीडी पाठवणी तीन दिवस बंद पडली. त्यानंतर मोनोलिथ सेवांत फोडत सुरू झालेले क्लाउडवरचे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये संपले. याउलट प्राइम व्हिडिओच्या एका चमूने २०२३ मध्ये चित्रदर्जा तपासणारी विखुरलेली यंत्रणा एकाच प्रोसेसमध्ये आणून खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटवल्याचे सांगितले. आधी मोनोलिथ, मग गरजेपुरती फोड, हे फाउलर यांचे २०१५ मधील मत पाच-सहा जणांच्या चमूला अधिक मानवणारे आहे. संस्थेतील संवादाची घडण सॉफ्टवेअरमध्ये उतरते, असे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये म्हटले होते. एवढ्या लहान चमूने वीस सेवा मांडल्या, तर प्रत्येकीचा धनी तोच तोच माणूस असतो.