स्पिंडल पाठवताय? मग तो उघडू नका

मशीनचा स्पिंडल, म्हणजे टूल किंवा जॉब फिरवणारा बेअरिंगवरचा मुख्य शाफ्ट, आवाज करू लागला की बहुतेक कारखान्यांत एकच क्रम असतो. मेंटेनन्सवाले तो मशीनवरून उतरवतात, खोलतात, बेअरिंग रॉकेलने धुतात आणि मग आम्हाला, म्हणजे स्पिंडल दुरुस्त करणाऱ्यांना, फोन येतो : "सगळं साफ करून ठेवलंय, फक्त नवीन बेअरिंग टाकून द्या." आमचे श्रम वाचावेत हाच त्यामागचा हेतू असतो, हे आम्ही जाणतो. पण अशा स्पिंडलला दोन दिवस जास्त लागतात आणि बिलही वाढते.

बंद स्पिंडल उघडताना तो कशाने गेला ते कळते. पुढच्या बेअरिंगमधले ग्रीस दुधाळ झाले असेल तर कूलंट (धातू कापताना सोडतात ते थंड करणारे द्रव) आत शिरले आहे. रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या खाचेवर) गोळ्यांच्या अंतराने बारीक खड्डे असतील तर टूल किंवा टर्रेट (टूल बसवलेले फिरते डोके) कुठेतरी धडकले आहे. रेस निळसर पडली असेल तर बेअरिंग प्रमाणाबाहेर तापले. धुतल्यावर ग्रीस जाते, आणि पुढचे बेअरिंग कोणते, मागचे कोणते हे मिसळले की उरलेल्या खुणांचाही अर्थ लागत नाही.

एक बीटी-५० (टूल होल्डरच्या टेपरचा एक मोठा प्रकार) स्पिंडल आमच्याकडे तीन क्रेटमध्ये सुटा आला होता. सगळे लखलखीत धुतलेले. आम्ही मापे घेतली, बेअरिंगचा नवा सेट बसवला, बॅलन्सिंग करून दिला. तीन आठवड्यांत तोच आवाज पुन्हा. या वेळी तो बंद आला. उघडला तर पुढचे ग्रीस ताकासारखे पांढरे. स्पिंडलच्या तोंडाशी येणारी पर्ज एअरची (कूलंट आत शिरू नये म्हणून सोडलेल्या हवेची) नळी कॉम्प्रेसरच्या पाण्याने आणि गाळाने चोंदली होती. पहिल्याच वेळी ते ग्रीस दिसले असते तर दुसरा सेट लागलाच नसता.

दुसरा घोळ स्पेसरचा. बेअरिंगच्या मधले आतले आणि बाहेरचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या रिंगा) जोडीने ग्राइंड केलेले असतात, आणि त्यांच्या जाडीतल्या चार-पाच मायक्रॉनच्या फरकानेही प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) बदलतो. ते एका पिशवीत एकत्र टाकले की प्रत्येक मोजून जोडी लावत बसावे लागते. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगांवर 'व्ही'सारखी खूण असते, ती सेटची दिशा सांगते. बेअरिंग सुटी केली की तो क्रमही मोडतो. मोटर आतच बसवलेल्या स्पिंडलमध्ये तर वाइंडिंगला धक्का लागायची भीती वेगळी.

न उघडता तुम्ही बरेच काही तपासू शकता, आणि ते आम्हाला हवेच आहे. टेस्ट मॅन्ड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून टेपरच्या (टूल बसते त्या निमुळत्या भोकाच्या) तोंडाशी आणि ३०० मिमीवर डायल गेज लावून स्पिंडल फिरवा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. ड्रॉबारचा (टूल आत ओढून धरणाऱ्या दांड्याचा) जोर गेजने मोजून मशीनच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. टूल होल्डरच्या टेपरवर तांबूस डाग दिसत असतील तर पकड ढिली आहे. बऱ्याचदा ड्रॉबारला जोर देणारी डिस्क स्प्रिंगच तुटलेली निघते आणि बेअरिंग ठणठणीत असतात. मग बिल फक्त स्प्रिंगच्या कामाचे होते.

फोनवर भाव का सांगत नाही, असे बरेच जण विचारतात. त्याचे कारण हेच. आधी उघडून पाहतो, फोटोंसह अहवाल पाठवतो, तुमचा होकार आल्यावरच कामाला हात लावतो. जोडल्यानंतर आरपीएम टप्प्याटप्प्याने वाढवत, तापमान पाहत रन-इन करतो, म्हणजे ग्रीस नीट पसरते. घाई असली तरी हा वेळ आम्ही कापत नाही.

मशीनवर दोन सवयी मात्र लावून घ्या. स्पिंडलच्या तोंडावर एअर गन मारू नका, त्या झोताने कूलंट आणि कीस थेट लॅबिरिंथमधून (तोंडाशी असलेल्या वळणदार फटीतून) आत जातो. आणि काम संपल्याबरोबर पर्ज एअर बंद करू नका. गरम स्पिंडल थंड होताना आतली हवा आकसते आणि बाहेरचा ओलावा ओढून घेते.

पाठवताना हवा-तेलाची तोंडे टेपने बंद करा, जाड फोमवर लाकडी पेटीत ठेवा, शाफ्ट हलणार नाही असा अडकवा. प्रवासातल्या हादऱ्यांनीही रेसवर खुणा पडतात. सोबत एका कागदावर मशीनचे मॉडेल, नेहमीचा आरपीएम, आवाज कधीपासून येतो आणि त्याआधी टूल कुठे धडकले होते का, एवढे लिहा. धडकले असेल तर मोकळेपणाने लिहा. त्यावरूनच आम्ही शाफ्टची तपासणी आधी घ्यायची की नंतर, हे ठरवतो.