दोन चुली शेजारी शेजारी: सुधारित चुलीच्या शोधाची पार्श्वभूमी

श्रावणात कोकणातल्या स्वयंपाकघरात शिरलं की जळण ओलं आहे हे आधी डोळ्यांना कळतं. पाऊस लागायच्या आत लाकूडफाट्याची बेगमी कितीही नीट केलेली असो, दमट हवा पडवीत रचलेल्या लाकडांत शिरतेच. मग नारळाची सोडणं घालून जाळ धरायचा, फुंकणीनं फुंकायचं, फारच धूर झाला तर करवंटीचे दोन तुकडे पुढे सरकवायचे. करवंटी भडकते, सोडण धुमसत राहतं. भाकरीला कुठला जाळ आणि पेजेला कुठला, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण चूल सुधारण्याचे आपल्याकडचे प्रयत्न बघितले तर या जाणत्या हातांना परीक्षकाची जागा फार उशिरा मिळाली. चुली एकमेकींशेजारी पेटवून, खेळीमेळीची स्पर्धा लावून पारखायची पद्धत पुढे आली, ती याच उणिवेतून.

सुरुवात धुरापासून झाली. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाचं काम चाले त्या मगनवाडीत धुराडं असलेली मगन चूल तयार झाली. १९५०च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा आराखडा मांडला. ‘निर्धूर चूल’ हा शब्द आपल्या आईआजीच्या तोंडी आला तो या काळात. घरातल्या ज्या गोष्टींना विद्वान हात लावत नाहीत त्यांवरच प्रयोग करायचे, हा तेव्हाचा ध्यास होता. कणकवलीत गोपुरी आश्रम उभारून अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखताचं काम हाती घेतलं, तेही याच वाटेवरचं. या चुलींचा हेतू चांगला होता, धूर घराबाहेर जावा. पण धूर मुळात का होतो, हा प्रश्न मागेच राहिला.

१९७३च्या तेलटंचाईनंतर जगाचं लक्ष जळाऊ लाकडाकडे वळलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं खेड्यांसाठी तंत्रज्ञान घडवणारा ‘अस्त्र’ हा गट १९७४ साली सुरू झाला आणि तिथे ‘अस्त्र ओले’ ही तीन भांड्यांची चूल आकाराला आली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. १९८०च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२पर्यंत चालला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. आकडा प्रचंड आहे, पण मोजदाद बसवलेल्या चुलींची होती. दोन वर्षांनी त्यांतली कुठली पेटते याची चौकशी फार कमी झाली. आमच्याही घरात अशी एक चूल आली होती. पहिल्याच पावसाळ्यात तिचं धुराडं काजळीनं तुंबलं. ते साफ कसं करायचं हे सांगायला कुणी फिरकलं नाही, आणि आजीनं तिच्यावर मिठाची बरणी ठेवली.

याच सुमारास दुसऱ्या टोकाला मोजमाप सुरू झालं होतं. कर्क स्मिथ या संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून त्या किती धूर श्वासावाटे घेतात ते मोजलं. हा अभ्यास १९८३ साली छापून आला. तोवर चूल हा जंगल वाचवण्याचा विषय होता, तेव्हापासून ती छातीचा विषय झाली. १९८०च्या दशकातच निरनिराळ्या देशांतल्या जाणकारांनी चुलींच्या चाचणीची एक सामाईक पद्धत ठरवली: ठरावीक पाणी ठरावीक भांड्यात उकळायचं, मग मंद आचेवर ठेवायचं, आणि आधी-नंतर लाकडं तोलायची.

ऐकायला अगदी साधं वाटतं, पण गणित करून बघावं. पाच लिटर पाणी २८ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण १,५०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात तिच्या दहापट असते. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर अंगठ्याएवढी जाड, दीड-पावणेदोन फुटी, शंभरेक ग्रॅमची एक काठी पुरेल. साध्या चुलीत एवढ्याच पाण्याला सहज पाऊण ते एक किलो लाकूड जातं. बाकीची उष्णता चुलीच्या भिंती तापवण्यात, भांड्याच्या बगलेनं आणि न जळालेल्या धुराबरोबर निघून जाते. लाकूड ओलं असेल तर आणखी एक वाटेकरी येतो: लाकडातलं पाणी. ते वाफ होऊन जाताना आपला वाटा घेतं आणि जाळ थंड करतं. धूर वाढतो तो त्यामुळे.

या तोलण्यानं काही लाडक्या समजुती मोडल्या. ग्वाटेमालात १९७६च्या भूकंपानंतर माती-वाळूची जाडजूड ‘लोरेना’ चूल लोकप्रिय झाली होती. मातीची जाड भिंत उष्णता धरून ठेवते, तेव्हा लाकूड वाचणारच, असं सर्वांना वाटे. चाचण्यांत ती बऱ्याचदा उघड्या जाळापेक्षाही जास्त लाकूड खाताना दिसली. जाड भिंत उष्णता धरत नव्हती, गिळत होती. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची चूल मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तासाभराच्या रांधण्यात चिरा जेमतेम तापतो, आणि ती उष्णता भाताला मिळत नाही.

यातून धडा घेतला अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या अॅप्रोव्हेचो या संशोधन केंद्रानं. तिथले लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ‘रॉकेट’ चुलीची तत्त्वं मांडली. इंग्रजी एल अक्षरासारखा जळणमार्ग असतो. लाकडाखाली पत्र्याची फळी ठेवून हवेला वाट दिलेली असते. उभ्या नळीभोवती राखेसारखं हलकं, उष्णतारोधक भरण असतं. आधी धूर नळीतच जाळून टाकायचा आणि मग तापलेला वायू भांड्याच्या अंगाला घासून न्यायचा. त्यासाठी भांड्याभोवती पत्र्याचं कडं असतं, जेमतेम बोटभर फट ठेवून.

अॅप्रोव्हेचोचं चूल शिबिर या इतिहासातलं मला सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं. वेगवेगळ्या देशांतले इंजिनिअर, कारागीर, हौशी लोक उन्हाळ्यात आठवडाभर जमतात, पत्रे कापतात, विटा रचतात, चुली करतात. मग प्रत्येक चूल धूर ओढणाऱ्या झाकणाखाली ठेवून चाचणी होते: पाणी किती वेळात उकळलं, लाकूड किती गेलं, कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण किती निघाले. हरलेली चूल लपवली जात नाही, तिच्याभोवतीच लोक गोळा होतात. हवा कुठे अडली, भोक कुठे मोठं पडलं ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी सुधारून पुन्हा लावायची. आराखडे सर्वांसाठी खुले असतात. बक्षीस नाममात्र, पण चुरस खरी. एकट्यानं वर्षभर डोकं खाजवून जे सुचत नाही, ते शेजारची चूल बघून एका दुपारी सुचतं.

वरून पेटवायच्या चुलीची कथा अशीच आहे. डब्यात लाकडाचे बारीक तुकडे भरायचे आणि आग वरच्या थराला लावायची. आच हळूहळू खाली सरकते, खालच्या लाकडातून वायू निघतो, आणि वरच्या भोकांतून आलेल्या हवेत तो स्वच्छ जळतो. शेवटी तळाशी कोळसा उरतो. अमेरिकेत टॉम रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो यांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. पॉल अँडरसन यांच्या अशा चुलीला २००५च्या शिबिरात सर्वांत कमी प्रदूषणाचा मान मिळाला आणि तिचं नावच ‘चॅम्पियन’ पडलं. आपल्या दृष्टीनं तिची अडचण एकच, पण मोठी: तुकडे सुके आणि सारखे हवेत, आणि मध्येच जळण घालता येत नाही. उकड्या तांदळाची पेज शिजता शिजता डबा विझला तर काय करायचं?

महाराष्ट्रात पुण्याच्या आरती संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली सुरू केलेल्या अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, साच्यातून काढायच्या चुली कुंभारांच्या हाती दिल्या. हे फार शहाणपणाचं होतं, कारण चूल फुटली तर दुरुस्त करणारा गावातच असतो. ओडिशात चार वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ साली आला, तोही याचीच आठवण देतो. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे देखभाल आणि वापर घटला, आणि फायदा विरून गेला. २०१८ साली चुलींच्या प्रयोगशाळा-चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, तरी स्वयंपाकघरातली परीक्षा त्यानं चुकत नाही.

ती परीक्षा गेल्या श्रावणात मी आमच्या मागच्या पडवीत पाहिली. चुलतभावानं विटा, पत्र्याचा डबा आणि राख वापरून रॉकेट चूल केली. शेजारी आत्याची मातीची चूल, वैलासकट. पातेली सारखी, तांदूळ सारखे, मासे तोलायच्या ताणकाट्यावर तोललेली लाकडं सारखी. भाताला भावाच्या चुलीत निम्म्याहून थोडंच जास्त जळण गेलं आणि तो खूश झाला. आत्यानं भाकरी थापली, तव्यावर भाजली आणि विचारलं, “आता ही शेकू कुठे?” आमच्याकडे भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांवर फुगवतात. रॉकेट चुलीला तशी जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी भावानं पुढे निखाऱ्यांसाठी पत्र्याचं ताट बसवलं. आत्यानं काही न बोलता आपल्या चुलीचं तोंड मातीनं अरुंद केलं आणि लाकडांखाली दोन खापऱ्या सरकवल्या, हवा यायला.

१ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस घरोघर पोचला. तरी कोकणात परसात जाऊन बघा. चहा-भाजी गॅसवर होते, पण आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर तापतं आणि भात उकडायचं चुलाण अजून पेटतं. पाणी उकळायच्या चाचणीवर नेहमी टीका होते की हा काही खरा स्वयंपाक नव्हे. न्हाणीतल्या चुलीला मात्र ती चाचणी तंतोतंत लागू पडते. येत्या श्रावणात भाऊ आणि आत्या तिथेच चुली मांडणार आहेत. हंडा एकच, जळण त्या दिवशी पडवीत असेल तसंच ओलं, आणि ताणकाटा शेजारणीच्या हातात.