अमेरिकेत फ्लाइंग क्लब जॉइन करताय? फी भरायच्या आधी हे कागद बघा

आमच्या बे एरियातल्या क्लबची हाफ मून बे किंवा हॅरिस रँचची फ्लाय-आउट (छोटी विमानं घेऊन एकत्र केलेली सहल) झाली आणि फोटो टाकले की लगेच मेसेज सुरू होतात, आम्हालाही यायचंय, काय लागतं? नुसतं सोबत बसून यायचं असेल तर फारसं काही नाही, क्लबच्या वेव्हरवर सही करा आणि या. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर तेही येऊ शकतात. फक्त वजन खरं सांगा हो. सेस्ना १७२ या छोट्या विमानाला सीटा चार असल्या तरी टाक्या फुल असताना चार मोठी माणसं बहुतेक वेळा बसत नाहीत, आणि लाजून दहा किलो कमी सांगितलेत की पायलटचा सगळा हिशोबच चुकतो.

स्वतः शिकायचं असेल तर एकट्याने उडवायला वय १६, प्रायव्हेट लायसन्सला १७, इंग्रजी येणं आणि किमान ४० तास उड्डाण. स्टुडंट पायलटचा अर्ज ऑनलाइन होतो, इन्स्ट्रक्टर करून देतो. इथपर्यंत कोणी अडत नाही.

अडतात ते टीएसएपाशी, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यापाशी. अमेरिकन नागरिक नसाल तर ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी त्यांचं सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं, १४० डॉलर फी आणि बोटांचे ठसे. एच-वन, एफ-वन तर सोडाच, ग्रीन कार्डवाल्यांनाही लागतं, आणि "माझं ग्रीन कार्ड आहे, मला कशाला" म्हणत लोक क्लबची जॉइनिंग फी भरून बसतात, जी बऱ्याच ठिकाणी परत मिळत नाही. एकदाच्या डिस्कव्हरी फ्लाइटला (शिकण्याआधीची चव घेण्यापुरती फेरी) क्लिअरन्स लागत नाही त्यामुळे गैरसमज आणखी वाढतो. नागरिक असाल तर पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट दाखवलं की झालं.

आणि इथे आपल्या लोकांची हमखास गोची होते ती नावात. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये वडिलांच्या नावासकट "अमोल दत्तात्रय", ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं अमोल, बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि ग्रीन कार्ड सासरच्या. सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा, दुसरं नाव कुठल्याही कागदावर असेल तर तेही लिहा, लग्नाचा दाखला शोधून ठेवा आणि तो नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. अजून एक, क्लबमधले कितीतरी इन्स्ट्रक्टर फ्रीलान्स असतात, परदेशी नागरिकाला शिकवायचं तर त्यांचीही टीएसएकडे नोंदणी लागते. पहिल्याच भेटीत विचारा, संकोच नको.

दुसरं म्हणजे मेडिकल, म्हणजे उडवायला लागणारं वैद्यकीय सर्टिफिकेट. प्रायव्हेट पायलटला लागणाऱ्या थर्ड क्लासचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यात आयुष्यात कधीही अमुक झालं होतं का अशी लांबलचक यादी आहे, शिवाय मागच्या तीन वर्षांत ज्या ज्या डॉक्टरकडे गेलात ते सगळे. भारतात सुट्टीत दाखवलेला डॉक्टरही त्यात येतो. झोप लागत नाही म्हणून कधी डिप्रेशनची गोळी लिहून दिली होती, घोरण्यासाठी स्लीप स्टडी झाली होती, शुगरची औषधं चालू आहेत, असं काहीही असेल तर फॉर्म भरून थेट तपासणीला जाऊ नका. आधी एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी (ही तपासणी करणारा डॉक्टर) नुसता सल्ला म्हणून बोला, कारण त्याने तुमच्या ऑनलाइन फॉर्मचा कन्फर्मेशन नंबर टाकून तो उघडला की अर्ज एफएएकडे (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) गेला, मग माघार नाही. लपवू तर अजिबात नका, ते नंतर फार महागात पडतं. सर्टिफिकेटची मुदतही नीट वाचा: तपासणीच्या दिवशी चाळिशीच्या आत असाल तर ६० महिने, चाळीस पूर्ण असतील तर २४. वाढदिवस जवळ आला असेल तर आधीच उरकून घ्या.

भारतातलं डीजीसीएचं (तिथलं विमान वाहतूक खातं) पायलट लायसन्स असलेल्यांनी, त्यावरून अमेरिकेतलं घ्यायचं असेल तर, एफएएकडे व्हेरिफिकेशनचा अर्ज पहिल्या दिवशीच टाकावा, दोन देशांची ऑफिसं एकमेकांशी बोलणार म्हणजे वेळ जाणारच. त्यांचं पत्र आलं की ते सहाच महिने चालतं, आणि लोक ते ड्रॉवरमध्ये ठेवून अमेरिकन लायसन्ससाठीची अपॉइंटमेंट घ्यायलाच विसरतात.

पायलट झाल्यावर मित्रांना घेऊन हॅरिस रँचला जेवायला जायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. पेट्रोल आणि विमानाचं भाडं मित्रांनी "तू उडवतोयस ना, आम्ही देतो" म्हणून सगळं दिलं तर तो नियमभंग आहे, चौघं असाल तर चौथा हिस्सा पायलटच्याच खिशातून गेला पाहिजे.