मामाची थंडी आणि गळ्यातली नळी

मामा काटोलचा. संत्र्याची बाग, मोठ्यानं बोलणं आणि दुखणं अंगावर काढायची जुनी सवय. किडन्या कामातून गेल्याचं कळलं तेव्हा थांबायला वेळच उरला नव्हता, म्हणून गळ्यात नळी टाकून डायलिसिस सुरू झालं. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात, आठवड्यातून दोनदा. डिसेंबरातल्या एका दिवशी मशीनवर बसवून अर्धा तास झाला नसेल, मामाचे दात वाजायला लागले. अंग इतकं थरथरत होतं की पलंग हलत होता. मामी उठून म्हणाली, "सिस्टर, तो एसी बंद करा न, यायले थंडी वाजून राह्यली." एसी बंद झाला, दोन ब्लँकेटं आली, मग ताप चढला, पॅरासिटामॉलनं उतरला आणि संध्याकाळी दोघं काटोलच्या बसमध्ये बसले.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला ड्युटीवर एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी एसीकडे पाहिलंही नाही. विचारलं, "काका, घरी वाजते का अशी थंडी?"

घरी वाजत नव्हती. पहाटे बागेत पाणी सोडतानाही नाही. फक्त मशीनवर, आणि तीही मशीन सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर. "मग नळी बघायला पाहिजे," एवढं म्हणून त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

त्या एका प्रश्नात किती विज्ञान होतं ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळत गेलं.

हाताला सलाईन लावतात ती सुई जेमतेम बोटाच्या पेराएवढी. तिला कुणी भीत नाही. सेंट्रल लाईनचं, म्हणजे मामाच्या गळ्यातल्यासारख्या नळीचं, प्रकरण वेगळं. ती गळ्यातल्या किंवा कॉलर बोनखालच्या मोठ्या नसेतून आत जाते आणि तिचं टोक हृदयाच्या अगदी उंबरठ्यावर, वरची महाशीर उजव्या कप्प्याला मिळते तिथे येऊन थांबतं. जांघेतून टाकली तर पोटातल्या महाशिरेत. एवढ्या आत जायचं कारण म्हणजे तिथला रक्ताचा लोंढा. रक्तदाब टिकवणारी काही औषधं किंवा केमोथेरपीची औषधं हाताच्या बारीक नसेतून झिरपली तर आजूबाजूचं मांस जळतं. महाशिरेत ती क्षणात पातळ होतात. डायलिसिसच्या मशीनला तर मिनिटाला २५०-३०० मिलिलिटर रक्त हवं असतं, मनगटाची नस ते कुठून देणार?

हृदयापर्यंत नळी नेता येते हे पहिल्यांदा दाखवलं ते एका हट्टी माणसानं. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरनं लघवीसाठी वापरायची नळी स्वतःच्या हाताच्या नसेत ६५ सेंटीमीटर सरकवली आणि तशाच अवस्थेत जिना उतरून एक्स-रे काढायला गेला. साहेबांनी मनाई केली होती. १९५६ साली त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. दरम्यान १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी आजही वापरात असलेली युक्ती काढली: आधी सुई, सुईतून लवचिक तार, मग सुई काढून तारेवरून नळी, शेवटी तार बाहेर. नागपुरातलं सरकारी मेडिकल असो, मेयो असो की रामदासपेठेतलं खासगी आयसीयू, लाईन टाकताना डॉक्टरांचे हात हाच क्रम पाळतात.

आता त्या थंडीकडे येऊ.

नागपूरकराला बायोफिल्म समजावून सांगावी लागत नाही, त्यानं कूलर धुतलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्या वर्षीचा कूलर खाली काढला की टाकीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहा. ती बुळबुळ. ताजं पाणी ओतलं, चार वेळा हिसळलं, तरी ती जागची हलत नाही, घासावीच लागते. ती बुळबुळ म्हणजे जंतूंची वस्ती. स्वतःच तयार केलेल्या चिकट गराच्या छपराखाली ते राहतात.

नळीचं प्लास्टिक रक्तात गेलं की काही तासांतच त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्या थरावर जंतूंना पाय रोवायला जागा मिळते. ते येतात दोन वाटांनी. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत मुख्यतः बाहेरून, म्हणजे नळी जिथे कातडीत शिरते त्या भोकाच्या कडेकडेनं. नळी जुनी झाली की आतून, म्हणजे जे टोपण उघडून औषध देतात किंवा मशीन जोडतात त्या तोंडातून. एकदा छप्पर उभं राहिलं की अँटिबायोटिकचा मारा वरच्यावर जातो. मोकळ्या जंतूला मारायला पुरतं त्याच्या शेकडो पट औषधही छपराखालच्याला पुरत नाही. शिवाय त्यातले काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि वाढणाऱ्या जंतूंवर चालणारं औषध झोपलेल्याला फारसं काही करत नाही.

कूलर घासता येतो. हृदयाच्या उंबरठ्यावर टोक असलेली नळी घासता येत नाही.

डायलिसिस नसतं तेव्हा मामाच्या नळीत हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून लाल-निळी टोपणं लावलेली असायची. तीन-चार दिवस आतलं सगळं शांत. मग मशीन जोडलं, पंप सुरू झाला, रक्त जोरात वाहायला लागलं, आणि त्या बुळबुळीचे तुकडे सुटून थेट रक्तात. शरीर अर्ध्या तासात दात वाजवून उत्तर देत होतं. सिस्टरांनी घरच्या थंडीचं विचारलं ते यासाठी.

संशय आला म्हणून नळी उपटून टाकता येत नाही. ताप फुफ्फुसातून आला असेल, लघवीतून आला असेल. इथे एक तपासणी होते, तिच्या साधेपणाच्या मी प्रेमात पडलो. एकाच वेळी, सारख्याच मापाचं रक्त दोन बाटल्यांत घेतात: एक नळीतून, एक हाताच्या नसेतून, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. दोन्ही बाटल्या एका मशीनमध्ये ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो ठरावीक पातळीला पोचला की मशीन खूण देतं. नळीची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी बोलली, तर दोष बहुधा नळीचा. दोनच तास का? जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं तर दोन तासांत सोळापट, वीस मिनिटांना होत असतील तर चौसष्टपट. म्हणजे नळीतल्या रक्तात सुरुवातीलाच इतके जास्त जंतू होते. वर्दळ कुठे जास्त ते घड्याळ सांगतं. मामाची नळीची बाटली तीन तासांहून जास्त आधी बोलली. जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या नाकात एरवी मुकाट राहणारा.

नळी काढली. थंडी थांबली. आम्ही समजलो, संपलं.

जानेवारीत मामाची कंबर धरली. आधी बसच्या खड्ड्यांवर खापर फुटलं, मग वयावर. रात्री कूस बदलता येईना तेव्हा एमआरआय झाला आणि मणक्यांमधल्या चकतीत पू दिसला. रक्तातून फिरताना हा जंतू जिथे उतरतो तिथे तळ ठोकतो: मणक्यात, सांध्यात, हृदयाच्या झडपेवर. झडपेवर बसला तर तिथून गुठळ्या सुटून मेंदूपर्यंत जातात, म्हणून मामाला अन्ननलिकेतून नळी घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागला. झडपा साफ निघाल्या. मणक्यासाठी सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. नळीच्या जंतुसंसर्गानंतर कंबर दुखू लागली तर ती निव्वळ कंबर समजू नये, एवढं मी त्या सहा आठवड्यांत शिकलो.

स्टॅफिलोकॉकस हा त्यातला एकच. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूंचा त्रास मोठा, आणि त्यांतले कित्येक बहुतेक औषधांना दाद देत नाहीत. कॅन्डिडा ही बुरशी रक्तात सापडली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावतात, कारण ती डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसते आणि आयसीयूतला बेशुद्ध माणूस "दिसत नाही" असं सांगू शकत नाही. तिची एक जातबहीण कॅन्डिडा ऑरिस, २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडली म्हणून हे नाव (लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कानाची). ती पलंगाच्या कठड्यावर कित्येक दिवस जगते आणि बुरशीवरच्या नेहमीच्या फ्लुकोनाझोल या औषधाला बहुधा जुमानत नाही. क्षयाच्या जंतूचे काही चुलतभाऊ तर नळाच्या पाण्यातच असतात. नळीच्या भोकावर पाणी जाऊ देऊ नका असं सिस्टर बजावतात त्यामागे हेही कारण आहे. आणि आपल्या उन्हाळ्यात पाण्याची वाट कशाला बघायची, घामानंच पट्टी सुटते. सुटलेली, ओली पट्टी लगेच बदलायची असते, पट्टी बदलायची सात दिवसांची तारीख उजाडेपर्यंत थांबायचं नसतं.

मेडिकलच्या व्हरांड्यात गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसं सतरंजी टाकून बसलेली दिसतात. "गळ्यात नळी टाकावी लागते, सही करा" म्हणून कागद येतो आणि ती सही करतात. त्या कागदावर जे धोके असतात ते बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत, पण आले तर कसे येतात?

सुई फुफ्फुसाच्या आवरणाला लागून छातीत हवा भरणं किंवा नसेऐवजी शेजारच्या धमनीत जाणं, हे डॉक्टरांच्या ओळखीचं. सोनोग्राफीच्या मदतीनं सुई टाकायला लागल्यापासून ते कमी झालं. क्वचित ती सेल्डिंगरची तार आतच राहते. घाईत नळी सरकवताना तारेचं बाहेरचं टोक सुटतं, आणि पुढच्या एक्स-रेमध्ये छातीत एक लांब रेघ दिसते. तार हातातून सोडायची नाही, हा शिकाऊ डॉक्टरांना पहिला दम असतो. कॉलर बोनखालून गेलेली नळी त्या हाडाच्या आणि पहिल्या बरगडीच्या कात्रीत महिनोन्‌महिने चेपून कधीकधी तुटते, तुकडा वाहत हृदयात जातो, आणि जांघेतून फास टाकून तो ओढून काढावा लागतो. काही माणसांत डावीकडे जन्मतःच एक जास्तीची महाशीर असते. त्यांच्यात नळी बरोबर नसेत असूनही एक्स-रेमध्ये भलत्याच बाजूनं उतरताना दिसते आणि सगळ्यांची धांदल उडते.

मला सर्वांत धडकी भरली ती हवेची. आपण उभे किंवा बसलेले असताना श्वास आत घेतला की छातीतल्या मोठ्या नसांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. तेव्हा नळीचं तोंड उघडं असेल तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. दाबात फक्त ५ सेंटीमीटर पाण्याएवढा फरक असला, तरी १४ गेजच्या जाड सुईतून सेकंदाला सुमारे १०० मिलिलिटर हवा जाऊ शकते, आणि दोन-तीनशे मिलिलिटर एकदम गेली तर माणूस दगावू शकतो. हृदयाच्या उजव्या कप्प्यात रक्ताचा फेस होतो आणि पंप नुसता फेस घुसळत बसतो. चारातल्या साधारण एका माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमधली जन्माआधीची झडप पूर्ण चिकटलेली नसते; त्याच्यात बुडबुडे पलीकडे जाऊन थेट मेंदूत पोचू शकतात.

म्हणूनच नळी काढताना रुग्णाला आडवं करतात, श्वास सोडायला सांगतात, भोक दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात. मामाच्या शेजारच्या पलंगावरच्या काकांनी खाज येते म्हणून टोपण फिरवायला घेतलं होतं. मामीनंच ओरडून थांबवलं. नळी चुकून निघालीच तर भोक घट्ट दाबायचं, माणसाला आडवं करायचं आणि हाक मारायची. बसतं करून पाणी पाजायचं नाही.

इतकं सगळं वाचून वाटेल की यावर उपाय काही तरी महागडा असणार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी पाच गोष्टी कटाक्षानं केल्या. हात धुणं, टोपी-मास्क-गाऊनसह रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं कातडी साफ करणं, शक्यतो जांघ टाळणं आणि गरज संपली की नळी काढणं. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आकडे छापले: नळीच्या दर हजार दिवसांमागे रक्तातल्या जंतुसंसर्गाचा मधला दर २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्षानंतरही शून्यच होता. यात नवीन औषध एकही नव्हतं. पाचवी गोष्ट मला सगळ्यांत अवघड वाटते. टाकलेली नळी "असू दे, लागली तर" म्हणून राहते. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकानं रोज एकदा "आज ही नळी लागते का?" असं विचारलं तर कुणी रागावू नये. रागावलं तरी विचारावं.

मामाच्या डाव्या मनगटाजवळ आता फिस्टुला आहे. धमनी आणि नस जोडून तयार केलेली, प्लास्टिकचा तुकडाही नसलेली. तिला पिकायला काही आठवडे लागले, तेवढे दिवस दुसऱ्या बाजूला दुसरी नळी होती आणि मामी तिच्याकडे सापाकडे पाहावं तसं पाहायची. फिस्टुलात रक्त इतक्या जोरात घुसतं की बोट ठेवलं तर मांजर गुरगुरल्यासारखं जाणवतं. ते गुरगुरणं थांबलं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. म्हणून मामी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मामाचं मनगट धरते, डोळे मिटते आणि आतल्या खोलीतल्या सुनेला सांगते, "चालू हाय व."